मुलाखतींचे सामूहिक विश्लेषण : दोन ग्रंथांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील गुणात्मक संशोधनात मुलाखत हे तंत्र आता रूढ झाले आहे. नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयीन संशोधनातही ते सर्रास वापरले जाते. मात्र गटाने संशोधन करताना श्रमविभागणी म्हणजेच सामूहिक विश्लेषण, असा समज अनेकदा आढळतो. एकाने मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, दुसऱ्याने ती उतरवून काढावी आणि अर्थ मात्र प्रकल्पप्रमुखाने लावावा, ही पद्धत सोयीची असली तरी तिला सामूहिक म्हणता येणार नाही.

दोन ग्रंथ :

या संदर्भात १९८९ साली प्रसिद्ध झालेले दोन ग्रंथ विचारात घेण्यासारखे आहेत. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा शोध घेतो. दोन्ही लेखिका स्वतः त्याच समाजातून व चळवळीतून आलेल्या असल्याने काय विचारावे, हे त्यांना बाहेरून शिकावे लागले नाही. चळवळीच्या इतिहासाशेजारीच कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती दिल्यामुळे लेखिकांचे विवेचन वाचकाला पडताळून पाहता येते. मात्र अर्थनिर्णयनात दोघींचा आवाज एकच भासतो. एखाद्या मुलाखतीचा अर्थ लावताना दोघींची मते कुठे वेगळी झाली असतील, याची कल्पना वाचकाला येत नाही.

दुसरा ग्रंथ हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेचा. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या जीवनकथा या गटाने तेलुगूत १९८६ मध्ये व इंग्रजीत १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. नांदेड-लातूरचा प्रदेशही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. त्यामुळे हा ग्रंथ येथील अभ्यासकांना परका वाटू नये. के. ललिता, सूझी थारू, वीणा शत्रुघ्न आदी सहा जणींनी मिळून हे काम केले. त्या शहरी व सुशिक्षित, तर निवेदक स्त्रियांपैकी अनेक जणी ग्रामीण व श्रमिक. हे अंतर त्यांनी लपविले नाही. भूमिगत असताना कमलम्मांना आपले मूल दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागले. या प्रसंगाला 'त्याग' हे नाव देणे पक्षाच्या भाषेला सोयीचे आहे. परंतु प्रथमपुरुषी दीर्घ निवेदन छापल्यामुळे त्या शब्दात न मावणारे दुःखही वाचकापर्यंत पोहोचते.

'कोयता' या शब्दाचे उदाहरण :

सामूहिक वाचनाची गरज एका शब्दावरूनही स्पष्ट करता येईल. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. समजा, एखादी मजूर स्त्री म्हणाली, "आमचा एक कोयता." शहरी अभ्यासक या वाक्याची नोंद 'अवजार' या वर्गात करील. ऊसतोड कुटुंबातील विद्यार्थ्याला मात्र कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ठाऊक असते. मुकादम उचल देतो ती या जोडीला. स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास करणारी व्यक्ती याच्याही पुढे जाऊन विचारील की, या हिशेबात बाईची स्वतंत्र मजुरी कुठे आहे? पहिला अर्थ चुकीचा आहे. उरलेले दोन परस्परांना पूरक असले तरी एकरूप नाहीत. त्यांचा घाईने मेळ घातला, तर नेमका तिसरा प्रश्न गळून पडतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

एकमताचा आकडा :

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक दोन अभ्यासकांच्या वर्गीकरणातील एकमत मोजतो, आणि योगायोगाने घडणारे एकमत त्यातून वजा करतो. मोठ्या सामग्रीत शिस्त राखण्यास तो उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दोघांनीही 'कोयता' सर्वत्र अवजारच मानला, तर त्या शब्दापुरता तो आकडा पूर्ण एकमत दाखवील. समान पार्श्वभूमीच्या अभ्यासकांच्या गटात हा धोका अधिक संभवतो. (अहवालात असा गुणांक छापला की परीक्षकांचे समाधान लवकर होते, हा भाग वेगळा.)

म्हणून गटात कोण बसले आहे, हा प्रश्न विश्लेषणाच्या पद्धतीचाच भाग ठरतो. ज्याला निवेदकाची बोली घरातून अवगत आहे, त्या विद्यार्थ्याकडे बहुधा मुलाखती उतरवून काढण्याचे काम सोपविले जाते. ते करताना तो 'कोयता', 'उचल' यांसारखे शब्द प्रमाण मराठीत बदलूनही टाकतो, कारण तसे करण्यास त्याला सांगितलेले असते. हे शब्द मूळ रूपात ठेवून त्यांच्यासमोर त्याचा अर्थ, प्रकल्पप्रमुखाचा अर्थ आणि त्यांतील मतभेद त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी नोंदविले जाणे आवश्यक आहे.