कडेकडून आत, मधून बाहेर

गोधडी हाताने शिवणारी बाई कडेपासून सुरुवात करते. चारही बाजूंनी फेरे घालत, एका चौकोनात दुसरा चौकोन धरत ती आत सरकते आणि शेवटचा टाका मधल्या चौकात पडतो. मशीनवर गोधडी शिवायला शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्याच धड्यात नेमकं उलटं सांगितलेलं असतं: मधून सुरू करा आणि कडेकडे जा. दोघंही बरोबर आहेत. हातातल्या सुईला थांबता येतं. कापड जास्त झालं तर बोटाने सारून पुढच्या चार टाक्यांत जिरवता येतं. मशीनला हे जमत नाही. सुईखालचे दाते खालच्या थराला मागे ओढतात, वरचा फूट मात्र वरच्या थराला दाबून धरतो. त्यामुळे दर टिपेला वरचं कापड केसभर मागे राहतं आणि फूटभर अंतरात त्याची लाट होते. मधून निघालात तर ती लाट कडेबाहेर निघून जाते. कडेपासून आत आलात तर तिला जायला जागाच उरत नाही.

माझ्या पहिल्या मशीनच्या गोधडीत मधोमध अशी एक जाड चुणी आहे. आजीच्या गोधडीचे फेरे बघून बघून मी ते आईच्या पायमशीनवर घातले होते, कडेकडून आत. पांघरली की ती चुणी अजून बरोबर छातीवर येते. मशीनवरच्या गोधडीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बरंचसं त्या चुणीतच आहे. आपण मशीनवर एक तर आजीची नक्कल करतो, नाही तर परक्या पुस्तकाची. या यंत्राला आपल्या हाताशी धरून नवीन काय करता येईल, हे शोधणं मात्र मोठ्या पांघरुणांत जवळजवळ थांबलेलं आहे. ते चालू आहे पिशव्या, बटवे, झाकणं असल्या किरकोळ मानल्या गेलेल्या वस्तूंत.

गेल्या काही वर्षांत घरची शिवणकला परत आली, हे खरं आहे. 2018च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि माळ्यावरच्या मशिनी कापडी पिशव्यांसाठी खाली उतरल्या. 2020मध्ये मास्क शिवताना बचत गटांच्या बायकांनी आणि घरोघरच्या निवृत्त बाईंनी पुन्हा बॉबिन भरायला घेतली. मास्क गेले, हात राहिले. त्या हातांना काहीतरी शिवायचं होतं आणि जुन्या साड्यांचे गठ्ठे कपाटात होतेच. आता गल्लोगल्ली पाटी दिसते: जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल. दोन-चार साड्या द्यायच्या आणि आठवड्याने सरळ उभ्या टिपा मारलेलं, गोट लावलेलं पांघरूण न्यायचं.

या पाटीवाल्या गोधडीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ती आवडत नाही, पण तिच्याबद्दल आदर आहे. तिच्यात सोंग नाही. नऊवारी सुती लुगडी घराघरातून गेली आणि त्यांच्या जागी नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेट आलं, तिथेच हाताची गोधडी अर्धी संपली होती. मऊ पडलेल्या सुती लुगड्याचे थर एकमेकांना धरून राहतात, घाम टिपतात, सुईला वाट देतात. जॉर्जेट निसटतं. त्याचे चार थर हाताने धावदोऱ्यात पकडून ठेवणं म्हणजे तेलकट हाताने कणीक मळण्यासारखं आहे. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या आत एकमेकांत अडकतो, म्हणून ती या निसरड्या साडीलाही जखडून ठेवते. आजच्या साडीची गोधडी करायची तर मशीनच लागणार. ती उबेला बरी, उन्हाळ्यात नकोशी आणि दिसायला शाळेच्या पटांगणावर आखलेल्या रेघांसारखी. काम भागतं.

दुसरीकडे शहरांतून परदेशी धर्तीवर काम करणाऱ्या बायकांचा एक उत्साही वर्ग तयार झाला आहे. इथे कौशल्य निर्विवाद आहे. त्रिकोणांची टोकं टोकाला भिडतात, शिवण पाव इंचाची म्हणजे पाव इंचाचीच, कोपऱ्यातला गोट आरशासारखा वळतो. पण समोर उभं राहिल्यावर मला दर वेळी एकच प्रश्न पडतो: हे तुकडे कशाचे? उत्तर बहुधा असं असतं, की नवं कापड आणलं, त्याचे तुकडे केले आणि ते पुन्हा जोडले. अमेरिकेत या छंदामागे मोठा उद्योग आहे. तिथे सारख्या मापाचे आधीच कापलेले तुकडे गठ्ठ्याने विकत मिळतात. ते आपल्याकडे आणून, त्यांच्या आत जाड पॉलिस्टरचा थर घालून, सांगलीच्या किंवा ठाण्याच्या हवेत पांघरता न येणारी वस्तू बनते. मग ती भिंतीवर जाते. भिंतीवर जायला माझी हरकत नाही. नाइलाजाने जाऊ नये, इतकंच.

अमेरिकेचा विषय निघाला आहे तर तिथेही मशीनला सहज मान मिळाला नाही, हे सांगायला हवं. घरगुती मशीन एकोणिसाव्या शतकापासून होतं. तुकडे जोडायला ते चालायचं, पण वरची नक्षीची शिवण हाताचीच हवी, मशीनची म्हणजे लबाडी, असा स्पर्धांमधला अलिखित नियम होता. 1989मध्ये केंटकीतल्या पडूका गावच्या मोठ्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि ती पूर्ण मशीनवर शिवलेली होती. त्यावर बरीच कुरकुर झाली. पण ती गोधडी हाताच्या टाक्याची नक्कल करत नव्हती. न तुटणारी, वळत जाणारी, हवी तिथे दाट होणारी दोऱ्याची रेघ हीच तिची भाषा होती आणि ती रेघ हाताने काढताच येत नाही. आज मात्र तिकडच्या महागड्या मशिनींत हाताच्या धावदोऱ्यासारखा दिसणारा टाका देण्याची सोय असते. असल्या टाक्याची मला गंमत वाटते. लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीची वाटते तशीच.

त्याच अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांतल्या बायकांनी तिथे शेतात झिजलेल्या विजारी आणि पोत्यांच्या कापडातून गोधड्या केल्या. 2002मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आपल्याला त्या परक्या वाटू नयेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पुष्कळसे गोव्याच्या पोर्तुगिजांनी आणलेले. त्यांची कवंदीही कडेपासूनच सुरू होते. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपली गोधडी आणि ही कवंदी एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी शोभतील.

या दोन्हींत एक गोष्ट आहे, जी आपल्या मशीनवाल्यांनी अजून नीट पाहिलेली नाही. परदेशी पद्धतीत कामं वेगळी असतात: आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करायचा, मग आतला थर आणि अस्तर लावायचं, मग तिन्ही मिळून शिवायचं, शेवटी गोट. आपली बाई तळाला लुगडं अंथरते, वर फाटकी धोतरं पसरते आणि तुकडा हातात येईल तसा त्याची कड आत मुडपून त्याच धावदोऱ्यात पकडत जाते. तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. त्यामुळे मांडणी आधी ठरलेली नसते, शिवता शिवता ठरते. लाल तुकडा संपला की तिथे हिरवा येतो आणि तो येतो म्हणून पुढचा पिवळा लांब होतो. गाडगेबाबांना गोधडे महाराज म्हणायचे, ते त्यांच्या अंगावरच्या असल्याच चिंध्यांच्या वस्त्रामुळे. ठिगळावर ठिगळ चढवत जाण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर देखणं पुस्तक केलं आणि ते काढलं फ्रान्समधल्या प्रकाशकाने. यावर अधिक काय बोलावं?

आता हे तंत्र मशीनवर येईल का? पूर्ण गोधडीत कठीण आहे. घरच्या मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत वीतभरही जागा नसते. दुहेरी पांघरुणाची गुंडाळी त्या फटीतून ओढायची म्हणजे दंड भरून येतात आणि टीप वाकडी जाते ती वेगळीच. पण चौकोन लहान असेल तर येतं. मी चष्म्याचं घर शिवते तेव्हा अगदी असंच करते. सुती पंच्याचा तुकडा अस्तराला, त्यावर जुन्या फलाटीनचा एक थर आणि वर इरकलच्या काठाचे, खणाचे, बाबांच्या सदऱ्याचे कपटे. टाचे घालत नाही. पहिला कपटा मध्ये ठेवून टीप मारते, दुसरा त्याच्यावर पालथा, टीप, उलटून बोटाच्या नखाने दाबते, तिसरा. सुई सोळा नंबरची, टाका जरा लांब, दोरा सुतीच. सहा-सात कपट्यांत चौकोन भरतो आणि जोडणं, थर पकडणं दोन्ही एकदम संपतं. दुमडून बाजू शिवली, तोंडाला उरेब पट्टी लावली की झालं. मधून बाहेर जाण्याचा मशीनचा नियमही पाळला गेला आणि तुकडा बघून तुकडा लावण्याची आजीची सवयही मोडली नाही.

म्हणून मला वाटतं, मशीनचं खरं राज्य लहान वस्तूंत आहे. भाकरीच्या टोपलीतलं जाड फडकं, गरम कुकर उतरवायचं धरणं, बाळाची कुंची, पाठीला लावायची उशी, देवघरातलं आसन. या वस्तूंना वापर शिस्त लावतो. धरणं पातळ झालं तर हात भाजतो, मग पुढच्या वेळी बाई आपसूक एक थर वाढवते. कुंचीच्या गळ्याशी शिवण टोचली तर बाळ रडून सांगतं. बचत गटांच्या प्रदर्शनांत मी हिंडते तेव्हा मोठ्या गोधड्यांपुढे फार रेंगाळत नाही, टेबलाच्या कोपऱ्यातली चंची आणि बटवे उलटेपालटे करून बघते. उत्तम काम तिथे सापडतं.

तिथेच वाईटही सापडतं आणि त्याचं नाव खण. गुळेदगुड्डच्या मागावरचा खण सुती-रेशमी असायचा, चोळीपुरता बेतलेला. आता त्याच्यासारखं दिसणारं पॉलिस्टर थानांनी येतं आणि पाऊच, तोरण, डायरीचं वेष्टण, मोबाइलची पिशवी, सगळ्यांवर तेच चढतं. मराठमोळेपणाचा शिक्का म्हणून ते लावलेलं असतं, तुकड्याची गरज म्हणून नाही. मागे एका प्रदर्शनात मी हाताने शिवलेला म्हणून खणाचा एक बटवा विकत घेतला. घरी येऊन अस्तर उसवलं तर आत कारखान्यातून मीटरवर येणारं, आधीच टिपा मारलेलं गादीपाटाचं कापड. टिपा इतक्या समांतर होत्या, तेव्हाच कळायला हवं होतं. चूक माझीही आहे, मी वरूनच पाहिला.

एक ठेवा मात्र आपण अजिबात वापरत नाही, याचं वाईट वाटतं. फूट काढून, दाते झाकून, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून हाताने फिरवत मशीनवर भरतकाम करायला आपल्या आया-मावश्या शिकल्या होत्या. रुखवतातले अभ्रे, टेबलक्लॉथ, पडद्यांवरचे मोर असेच आले. परदेशात जिचे वर्ग लागतात ती मोकळ्या हाताची मशीनची शिवण म्हणजे तत्त्वतः हीच विद्या, फक्त खाली एकाऐवजी तीन थर. सत्तरीतली एखादी बाई आजही रिंग हातात घेऊन पाच मिनिटांत वेल काढते. तिला कुणी तीन थर देऊन बसवलेलं मी पाहिलेलं नाही. इथे या शिवणीचे वर्ग घेणाऱ्या तिशीतल्या मुली आणि ही बाई एकाच इमारतीत राहत असतात.

आणि या सगळ्यावर बोलणारं कुणी नाही. गाण्याच्या बैठकीनंतर सूर कुठे उतरला हे सांगणारी माणसं असतात. शिवणाच्या प्रदर्शनात सगळ्यांना एकच शब्द येतो: छान. टीप कुठे ओढली गेली, काठ आडवा का लावला, अस्तर का झोळलं, विचारलं की बाईंना राग येतो. परीक्षकही वरची बाजू बघून गुण देतात. माझा आग्रह साधा आहे: प्रत्येक वस्तू उलटी करून टेबलावर ठेवा, मग गुण द्या. दोऱ्याचा ताण, लपवलेली गाठ, चुकलेली टीप उसवून पुन्हा मारल्याची भोकं, सगळं मागे दिसतं.

घरात जुनी गोधडी असेल तर बोहारणीच्या गाठोड्यात टाकण्याआधी ती एकदा उन्हात पालथी पसरा. कडेपासून मधल्या चौकापर्यंत किती फेरे आहेत ते मोजा, कुठलं लुगडं कुणाचं ते आठवेल तेवढं लिहून ठेवा. शिवणारी हयात असेल तर तिला शेजारी बसवून विचारा, कारण यातलं बहुतेक कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.