फावल्या वेळाचे भौतिकशास्त्र

‘फावला वेळ’ हे शब्द शाळेत बहुधा तक्रारीच्या सुरात ऐकू येतात. मुलांना फावला वेळ फार झाला, की तो वाया जातो, असे एक मत. तो ‘सत्कारणी’ लावावा, म्हणजे छंदवर्ग, शिबिरे आणि स्पर्धा यांनी भरून काढावा, असे दुसरे. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच आहे: फावल्या वेळाला स्वतःचे असे मोल नाही. हे गृहीत तपासून पाहण्यासाठी एका जुन्या पुस्तकाचा आधार घेता येईल. ते पुस्तक फावल्या वेळासाठीच लिहिलेले आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकांपैकी अनेकांच्या कपाटात ते आजही असेल.

याकोव पेरेलमन यांचे ‘फिजिक्स फॉर एन्टरटेनमेंट’ मूळ रशियन भाषेत १९१३ साली प्रसिद्ध झाले. दुसरा भाग १९१६ मध्ये आला. पेरेलमन (१८८२–१९४२) यांचे औपचारिक शिक्षण वनशास्त्राचे. पण त्यांचे आयुष्य गेले ते गणित आणि भौतिकशास्त्र सामान्य वाचकापर्यंत नेण्यात. १९३५ साली लेनिनग्राडमध्ये ‘रंजक विज्ञानाचे घर’ उघडण्यात त्यांचा पुढाकार होता. शहराला वेढा पडला असताना, १९४२ च्या मार्चमध्ये, उपासमारीने त्यांचा अंत झाला. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने काढलेली या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरे आपल्याकडे अत्यल्प किमतीत मिळत असत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि तो ओघ आटला. तरीही पुस्तक टिकून आहे, आणि ते का टिकले हे समजून घेण्यासारखे आहे.

एक उदाहरण पाहू. धावत्या आगगाडीचा असा एखादा भाग असतो का, की जो गाडी पुढे जात असताना मागे जातो? प्रश्न थट्टेचा वाटतो. पण रुळावरून चाक घसरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला एक कड असते आणि ती रुळाच्या माथ्यापेक्षा थोडी खाली उतरलेली असते. चाक जिथे रुळाला टेकते, तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. त्याच्या वरचे सगळे बिंदू पुढे जातात. चाकाचा माथा तर गाडीच्या दुप्पट वेगाने. मग टेकण्याच्या बिंदूपेक्षाही खाली असलेल्या कडेचे काय? ती त्या क्षणी मागेच जाणार! एवढे कळल्यावर विद्यार्थी पुढच्या वेळी फलाटावर उभा राहील तो चाकांकडे पाहत.

पेरेलमन यांच्या लेखनाचे बळ इथे दिसते. वाचकाला नवी माहिती द्यावी, यापेक्षा त्याला जे माहीत आहे असे वाटते तेच नीट कळावे, हा आपला हेतू त्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. म्हणून ते सुरुवात करतात ती खुर्चीवरून उठण्यापासून, कच्च्या आणि उकडलेल्या अंड्यापासून, कागदाच्या भांड्यात उकळणाऱ्या पाण्यापासून. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या कथा ते आवडीने घेतात आणि तितक्याच आवडीने तपासतात. व्हर्नच्या तोफेतून चंद्राकडे निघालेले प्रवासी तोफेच्या नळीतच चिरडले जातील, कारण सेकंदाच्या लहानशा अंशात त्यांना प्रचंड वेग घ्यावा लागेल. वेल्सचा अदृश्य माणूस आंधळा असला पाहिजे, कारण ज्या डोळ्यातून प्रकाश न वळता, न अडता आरपार जातो, त्या डोळ्यात प्रतिमा उमटणार कशी? अशा तपासणीने कथेची गोडी कमी होत नाही. उलट आवडत्या लेखकालाही प्रश्न विचारता येतो, हे मुलाला कळते. पहिल्या भागाच्या शेवटी ९९ प्रश्नही दिले आहेत. पण ते सोडवले की नाही हे तपासायला कोणी बसलेले नाही. ही एवढीशी बाब फार महत्त्वाची आहे.

पुस्तक निर्दोष मात्र नाही. बर्फ निसरडा का असतो, याचे पेरेलमन यांनी दिलेले स्पष्टीकरण दाबाचे आहे: स्केटच्या धारेखाली दाब वाढतो, त्यामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो आणि पाण्याचा थर तयार होतो. पण वितळणबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरवायला सुमारे १३० वातावरणांचा दाब लागतो. साधे बूट घातलेला ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर, म्हणजे समजा १५० चौरस सेंटिमीटरवर उभा राहिला, तर दाब अर्ध्या वातावरणाइतकाही होत नाही. त्याने वितळणबिंदूत अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडणार नाही, आणि माणूस तर घसरतोच! आज आपण घर्षणातून निर्माण होणारी उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावरचा मुळातच सैल, द्रवासारखा थर यांना महत्त्व देतो. या थराची कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती. पुस्तक वर्गात वापरताना अशा जागा शिक्षकाला ठाऊक हव्यात. खरे तर हे प्रकरण वरच्या वर्गाला देऊन ‘यातली पळवाट शोधा’ म्हणावे. पेरेलमन यांनी व्हर्नला जी वागणूक दिली, तीच पेरेलमन यांनाही द्यावी.

दुसरी उणीव आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. या पुस्तकातला वाचक बर्फाच्या देशातला आहे, आणि पुष्कळदा तो एकटा बसून विचार करणारा आहे. आपल्या मुलांनी स्केट पाहिलेले नसतात. पण भोवरा, गोट्या, विटीदांडू, पतंग, लगोरी, झोका यांतले भौतिकशास्त्र त्यांच्या हातात असते. भोवरा उभा का राहतो? दोरी सैल गुंडाळली तर काय बिघडते? झोक्यावर उभे राहून नेमके कधी वाकले की झोका चढतो? पतंगाला कण्णी बांधताना गाठ थोडी वर सरकवली तर काय फरक पडतो? या प्रश्नांचा ‘पेरेलमन’ मराठीत अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

पण सर्वांत मोठा धोका पुस्तकात नसून ते आपण कसे वाचतो यात आहे. मनोरंजन म्हणजे अभ्यासाच्या कडू गोळीवरची साखर, असे धरून आपण या पुस्तकातला एखादा प्रयोग उचलतो, त्याला गुण ठेवतो, प्रदर्शनात मांडतो आणि प्रमाणपत्र देतो. मग मुलांच्या आधी पालक कामाला लागतात आणि तयार मॉडेल बाजारातून येते. फावल्या वेळातली गोष्ट तासात येते, पण फावलेपण बाहेरच राहते.

याचा परिणाम तपासणारा एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्र काढायला मनापासून आवडणारी, तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल. काहींना बक्षीस अचानक दिले, तर काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी रंगाच्या पेनांशी मुक्तपणे खेळण्याची संधी दिली, तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी त्यांच्याशी घालवलेला वेळ इतरांच्या जवळजवळ निम्माच भरला. खेळाचे काम झाले होते. बक्षीस नेहमीच वाईट, असा याचा अर्थ नाही. अचानक मिळालेल्या बक्षिसाने आवड घटली नव्हती. पण जे मूल स्वतःहून करत आहे, त्याला मोबदल्याची अट जोडताना हात आखडता घ्यावा, एवढे यातून निश्चित शिकता येते.

फावल्या वेळाचा आपल्याकडचा मोठा साक्षीदार म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). देवळालीच्या शाळेत ते १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. संशोधनाचे पद नाही, प्रयोगशाळा नाही. आकड्यांशी खेळणे हा त्यांचा विरंगुळा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणत्याही संख्येवरून इथे पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते जगभर पोचले. मधली पंचवीसएक वर्षे हा खेळ चालू राहिला तो केवळ आवडीच्या बळावर.

इथे एक सावधगिरी हवी. ‘पाहा, विरंगुळ्यातून शोध लागतो, म्हणून मुलांना विरंगुळा द्या’ असा निष्कर्ष काढला, तर आपण पुन्हा जुन्याच गृहीतावर येतो. फावल्या वेळाला फळ आले तरच मोल! बहुतेक मुले गणिती होणार नाहीत, संशोधकही होणार नाहीत. तरीही कोणी न विचारलेल्या प्रश्नापाशी थोडा वेळ रेंगाळण्याची सवय त्यांना लागली, तर ती जन्मभराची शिदोरी आहे. आणि काहीच न करता पडून राहण्याचाही मुलाला हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांना हक्क म्हटले आहे, आणि भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. या हक्काला गुणपत्रिकेची अट जोडलेली नाही.

मात्र हा हक्क सर्वांना सारखा मिळत नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींची नोंद आहे. घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. हा आकडा सर्व वयांचा मिळून आहे, पण त्याचे धडे घरात लहानपणीच गिरवले जातात. शाळा सुटल्यावर भाऊ मैदानावर जातो आणि बहीण पाणी भरते, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. अशा मुलीला ‘फावल्या वेळात पुस्तके वाच’ असे सांगणे ही थट्टा होईल. तिच्यासाठी फावला वेळ शाळेच्या वेळापत्रकातच काढून ठेवावा लागेल.

शिक्षकांना करता येण्याजोगे काही थोडे आहे, पण ते अवघड नाही. आठवड्यातली एक तासिका अशी ठेवावी, की तिची नोंद कुठल्याही मूल्यमापनात होणार नाही. वर्गात दोनचार पुस्तके, भोवरे, दोऱ्या, भिंगे, चुंबक ठेवावेत. फळ्यावर एक प्रश्न लिहावा आणि उत्तर महिनाभर सांगू नये. ज्याला खिडकीतून बाहेर पाहायचे आहे, त्याला पाहू द्यावे. शिक्षकाने स्वतःही त्या तासात वह्या न तपासता आपल्या आवडीचे काही करावे, कारण मोठी माणसे विनाकारण एखाद्या गोष्टीत रमतात, हे मुलांना क्वचितच पाहायला मिळते. तासिका यशस्वी झाली का, हे ठरवण्याची कसोटी एकच: घंटा झाल्यावर निदान एखादे मूल हातातली गोष्ट खाली ठेवायला नाखूष आहे का, एवढेच पाहावे.