स्वमग्न कोण?

दिवाळी अंक हातात पडला की घरातली मंडळी रहस्यकथेला नाके मुरडतात आणि आधी तीच उघडतात. तेव्हा मीही आज एका रहस्यकथेविषयीच लिहितो. मार्क हॅडन या इंग्रज लेखकाची ‘द क्यूरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी 2003 साली निघाली. एक आवृत्ती मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी, दोन्ही एकाच वेळी. त्या वर्षीचे व्हिटब्रेड पारितोषिकही तिला मिळाले. इंग्रजी इतके साधे, की माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरालाही शब्दकोश फारसा उघडावा लागला नाही. ‘आणि’ला ‘आणि’ जोडत वाक्ये पुढे जातात, पंधरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात जावीत तशी.

निबंध लिहिणारा आहे ख्रिस्तोफर बून. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी त्याला शेजारणीचा कुत्रा मरून पडलेला दिसतो. अंगात बागकामाचा काटा खुपसलेला. हा खून कुणी केला, हे शोधून त्याचे पुस्तक करायचे असे तो ठरवतो. प्रकरणांना तो मूळ संख्यांचे क्रमांक देतो : 2, 3, 5, 7, 11. पिवळे आणि तपकिरी पदार्थ तो खात नाही. शाळेला जाताना ओळीने पाच तांबड्या मोटारी दिसल्या तर दिवस फार चांगला, चार पिवळ्या दिसल्या तर वाईट. अंगाला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. म्हणून वडील उजव्या हाताची बोटे पंख्यासारखी पसरतात, तो डाव्या हाताची पसरतो, आणि बोटांना बोटे टेकतात. बापलेकांची मिठी ती एवढीच.

अशा मुलांसाठी मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ झाला आहे. ‘ऑटिझम’मध्येच ग्रीक भाषेतला ‘स्वतः’ आहे, तेव्हा भाषांतर चोख झाले. (हॅडन यांनी मात्र कथेत त्या अवस्थेचे नावच घेतलेले नाही, ते मुखपृष्ठावरच्या मजकुरात होते.) पण कादंबरी वाचत गेलो तसतसा हा शब्द मला टोचू लागला. आगगाडीच्या खिडकीतून आपण बाहेर पाहतो तेव्हा ‘शेत आहे, गाई आहेत’ एवढे पाहून पुन्हा आपल्याच विवंचनेत बुडतो. या मुलाला गाई एकोणीस दिसतात, पंधरा काळ्यापांढऱ्या, चार तपकिरी-पांढऱ्या; गावातली घरेही तो मोजतो. मग स्वमग्न कोण? तो तर इतका बाहेर उघडा आहे की बाहेरचे जग त्याच्यावर कोसळते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर गाड्यांच्या आवाजाने तो बाकावर कित्येक तास खिळून बसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माजघरात कानांवर हात दाबून बसलेले एखादे मूल तुमच्या नात्यात असेल, तर हा भाग तुम्हाला समजावून सांगायला नको.

रूपक म्हणजे खोटे बोलणे, असे त्याचे मत आहे. आम्हा कादंबरीकारांच्या पोटावर पाय आणणारेच मत! आमच्याकडून रूपके काढून घेतली तर निम्मे दिवाळी अंक कोरे निघतील. पण भावनेचे नावही न घेणारा हा निवेदक वाचकाच्या मनात काय करतो, ते पत्रांच्या प्रकरणात पाहावे. आई दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारली, असे वडिलांनी त्याला सांगितले आहे. वडिलांच्या कपाटात त्याला आपल्या नावची पत्रे सापडतात. अक्षरात टिंबांच्या जागी बारीक गोळे, जसे आई काढी तसे. पोस्टाचा शिक्का आईच्या ‘मृत्यू’नंतर अठरा महिन्यांनी पडलेला. आपल्याला सारे कळून चुकते. त्याला कळत नाही. दुसऱ्या कुणा ख्रिस्तोफरच्या आईने त्या ख्रिस्तोफरला लिहिले असेल, असा तर्क तो शांतपणे मांडतो. त्या तर्काने माझ्या घशात जो आवंढा आला, तो चार पाने अश्रू ढाळणाऱ्या नायकाने कधी आणला नव्हता. पत्रे वाचता वाचता त्याला ओकारी होते आणि पुढचे आठवत नाही. वडील येतात, त्याला टबात बसवून आंघोळ घालतात, आणि अंगाला हात लागूनही तो या वेळी किंचाळत नाही. एवढेच लिहिले आहे. कुत्र्याला मारणारेही हेच वडील, हे त्यानंतर लगेच कळते. ज्याने कुत्रा मारला तो मलाही मारील, एवढा सरळ हिशेब करून मुलगा एकटा लंडनला आईकडे निघतो. त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही, आणि त्या बापाचा रागही करवत नाही. या पेचात हॅडन वाचकाला सोडून देतात, यातच त्यांची खरी ताकद आहे.

उणे नाही असे नव्हे. मुलगा गणितात अलौकिक असल्यामुळे वाचकाचे काम सोपे होते. विचित्र वागणे बुद्धीच्या बदल्यात माफ करायला आपण तयारच असतो. गणित न येणारे, बोलताही न येणारे मूल असते तर आपण त्याच्या मागे लंडनपर्यंत गेलो असतो का? आपण या विषयाचे तज्ज्ञ नाही, असे हॅडन यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यामुळे ही कादंबरी हाती घेऊन कुणी शेजारच्या मुलाची परीक्षा करू लागला, तर तो दोष कादंबरीचा नव्हे.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गणिताची परीक्षा उत्तम पार पडते आणि आता आपण काहीही करू शकतो, असे मुलगा ठामपणे लिहून टाकतो. सायमन स्टीफन्स यांनी याचे नाटक केले; लंडनच्या नॅशनल थिएटरने ते 2012 साली रंगभूमीवर आणले. त्यात हेच वाक्य प्रश्न होऊन येते. शिव्हॉन ही त्याची शिक्षिका. माणसांचे चेहरे कसे वाचावेत हे त्याला शिकवणारी, पुस्तक लिही म्हणून पाठीशी उभी राहणारी. तो तिला विचारतो, मग पुन्हा विचारतो, आणि ती उत्तर देत नाही. वर्गात असे विचारणाऱ्या पोरांपुढे मी बरीच वर्षे उभा आहे. मला नाटकातली शिव्हॉन अधिक खरी वाटली.