‘कीबोर्ड : नो’

सोर्स कोडचंही रसग्रहण करता येतं, आणि त्यासाठी फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ‘बूट-टू’ या फाइलइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. फाइलच्या माथ्यावर रॉबर्ट नॉर्डियर यांचं नाव आहे आणि १९९८ हे साल. बायॉस या जुन्या धाटणीच्या फर्मवेअरवर चालणारं मशिन सुरू झालं की डिस्कवरचा जो कोड अगदी आरंभी धावतो, त्यातला हा एक टप्पा. त्याला जागा मिळते ७६८० बाइट. तेवढ्यात डिस्क वाचायची, फाइल शोधायची आणि पुढच्या लोडरकडे सूत्रं सोपवायची. इतक्या अडचणीतही काही ओळी एका प्रश्नासाठी राखल्या आहेत : या मशिनला कीबोर्ड जोडलेला आहे का?

या प्रश्नावर कन्सोल ठरतो. सिस्टिम आपले निरोप जिथे देते आणि हुकूम जिथून घेते, तो कन्सोल. तो समोरचा स्क्रीन-कीबोर्ड असू शकतो, किंवा सिरियल पोर्टला जोडलेली वायर. डेटा सेंटरच्या रॅकमधल्या मशिनला बहुधा स्क्रीन नसतो आणि कीबोर्डही नसतो. तिथे सिस्टिम स्क्रीनकडे बोलत राहिली, तर बूट होताना काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही.

‘बूट डॉट कॉन्फिग’ या फाइलीत ‘-पी’ हा पर्याय लिहिला, की तपास सुरू होतो. आता ओळी पाहू. कोड कीबोर्डशी थेट बोलत नाही. बायॉसने स्वतःच्या नोंदी ठेवलेल्या मेमरीत तो जातो, षोडशमान मोजणीतल्या ४९६ या पत्त्यावरचा एक बाइट उचलतो आणि त्यातली एकच बिट पाहतो. १०१ किंवा १०२ कळांचा कीबोर्ड सापडला असेल, तर बायॉसने ती बिट आधीच लावून ठेवलेली असते. दाराबाहेरच्या चपला पाहून घरात माणूस आहे हे ओळखावं, तशी ही पारख. नवी चाचणी नाही, थांबणं नाही. जे आधीच कुणी नोंदवलं आहे, त्यावर विश्वास.

पुढे दोन फांद्या फुटतात. बिट लागलेली असेल, तर उत्तर ‘येस’, आणि काहीही बदलत नाही. नसेल, तर उत्तर ‘नो’, आणि दोन खुणा चढतात : एक दुहेरी कन्सोलची, दुसरी सिरियलची. माझ्या मते उताऱ्याचं सौंदर्य इथे आहे. या खुणा जुन्या पर्यायांच्या जागी बसवलेल्या नाहीत, त्यांत मिळवलेल्या आहेत. प्रशासकाने आधी जे मागितलं होतं, ते शाबूत राहतं. शिवाय कीबोर्ड नाही म्हणून स्क्रीन लगेच बंद केला जात नाही. बूट-टू स्वतः दोन्हीकडे बोलतो. त्यानंतरचा लोडर आणि कर्नल सिरियलकडे वळतात. पुरावा एका बिटचा, म्हणून निर्णयही बेताबेताने.

शेवटची ओळ दोन्ही फांद्यांना सामाईक आहे. निकाल काहीही असो, तो छापला जातो : ‘कीबोर्ड : येस’ किंवा ‘कीबोर्ड : नो’. आपण काय पाहिलं हे यंत्र सांगून टाकतं, म्हणून ते चुकलं तर कुठे चुकलं हे शोधता येतं.

मी राहतो ठाकुर्लीला, आणि ज्या मशिनांची देखभाल करतो ती ऐरोलीच्या बाजूला. जोराच्या पावसात कल्याण-ठाकुर्लीदरम्यान रुळांवर पाणी चढलं की लोकल बंद. अशा दिवशी एखादं मशिन रीबूट करायचं झालं, तर घरातूनच सिरियल लाइन उघडायची आणि अक्षरं उमटताना पाहायची. बूट-टूच्या ओळी उमटल्या, की मशिन आपल्याशी बोलतंय याची खात्री पटते.

अशी सोय एकट्या फ्रीबीएसडीत नव्हती. सन कंपनीच्या स्पार्क मशिनांत कीबोर्ड सापडला नाही, तर फर्मवेअर आपणहून पहिल्या सिरियल पोर्टकडे वळायचं.

उताऱ्याला मर्यादा आहेत. एफ-११, एफ-१२ नसलेला जुना कीबोर्ड किंवा काही लॅपटॉपचा कीबोर्ड या बिटला कळत नाही; तिथे ‘-पी’ वापरू नये, असं फ्रीबीएसडीच्या हँडबुकातच बजावलेलं आहे. कीबोर्ड नसला की थांबून राहणारा बायॉस असेल, तर त्याची सेटिंग आधी बदलावी लागते. नाहीतर बूट-टूची पाळीच येत नाही. बूट होऊन गेल्यावर कीबोर्ड जोडला, तर निर्णय फिरत नाही. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या मशिनांत तर हा टप्पाच उरलेला नाही.

तरीही मी या ओळींना उत्तम लेखन म्हणतो. थोडक्या जागेत आधीच्याचं काम वापरायचं, मालकाचं म्हणणं पुसायचं नाही, खात्री कमी असेल तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या आणि काय केलं ते सांगायचं, हे चारही गुण इथे एकत्र आहेत. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी नवी भाषा हाती घेण्याआधी ही फाइल एकदा शांतपणे वाचावी. ती सर्वांसाठी खुली आहे.