कंपनी फिटेड बंडखोरी

१९७१ची हार्ले-डेव्हिडसन एफएक्स सुपर ग्लाइड मी फक्त फोटोत पाहिली आहे. पण तो फोटो इतक्या वेळा झूम केलाय की गाडीचा सांधा कुठे आहे ते आता पाठ झालंय. मागे सीटला जोडूनच होडीसारखी निमुळती होत गेलेली फायबरग्लासची शेपटी. मधे बाराशे सीसीचं आडदांड इंजिन. आणि पुढे एकदम सडपातळ फोर्क, जणू दुसऱ्याच गाडीचा. तो खरंच दुसऱ्या गाडीचा आहे. फ्रेम आणि इंजिन ‘एफएल’ या लांब पल्ल्याच्या अवजड गाडीचं, पुढचा भाग ‘एक्सएल’ म्हणजे स्पोर्टस्टरचा. एकीचा एफ, दुसरीचा एक्स. नावसुद्धा जोडकामातूनच आलंय.

डिझायनर विली जी. डेव्हिडसन, एका संस्थापकाचा नातू. कल्पना मात्र त्याची एकट्याची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली पोरं जड हार्ले घ्यायची, मडगार्ड कापायची, नको ते काढून फेकायची, फोर्क लांबवायची. बॉबर आणि चॉपर असेच गॅरेजात जन्मले. विली जी.ने ते बघितलं आणि तशी गाडी थेट कारखान्यातून बाहेर काढली. आमच्या धंद्याच्या भाषेत, युजरनी परस्पर बदललेला कोड कंपनीने मूळ प्रॉडक्टमध्ये ओढून घेतला.

फरक एवढाच, की आमच्याकडे कोड मर्ज झाला तरी लिहिणाऱ्याचं नाव हिस्टरीत राहतं. इथे तसं झालं नाही. १९६९च्या ‘ईझी रायडर’मधला ‘कॅप्टन अमेरिका’ चॉपर आठवा, टाकीवर अमेरिकेचा झेंडा असलेला. त्यामागे बेन हार्डी आणि क्लिफ वॉज हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावं नाहीत. दोन वर्षांनी आलेली सुपर ग्लाइड लाल-पांढऱ्या-निळ्या रंगातही मिळायची. ती तशी पाहिली की मला आधी गाडी आवडते आणि मग हे आठवून थोडं ओशाळायला होतं. या क्रमाने. उलट कधीच होत नाही, हे कबूल करतो.

कारण गाडीत जीव आहेच. तिच्या इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात, आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत: एकदा ३१५ अंशांनी, एकदा ४०५ अंशांनी. म्हणजे ठोका, लगेच दुसरा ठोका, मग जराशी उसंत. पुस्तकी हिशेबाने हा दोष, गाडी थरथरते. पण याच लंगडत्या तालासाठी कंपनीने १९९४ साली ट्रेडमार्क मागितला होता. २०००मध्ये तो नाद सोडला. त्यात पहिल्या सुपर ग्लाइडला सेल्फ-स्टार्ट नाही. किक मारा.

ती शेपटी मात्र गिऱ्हाइकांना रुचली नाही, कंपनीने वर्षभरात काढून टाकली. आज संग्राहक तीच शोधत फिरतात. मला ती आवडते ते वेगळ्या कारणाने. गाडी आपलं जोडकाम लपवत नाही. १९८४च्या सॉफ्टेलशी ताडून बघा. तिचे शॉकॲब्सॉर्बर गिअरबॉक्सखाली दडवलेले, जेणेकरून ती जुन्या, मागे सस्पेन्शन नसलेल्या गाडीसारखी दिसावी. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर, पण नाटक. लोकांना बहुधा तेच हवं होतं: दिसायला दणकट, पाठीला आराम.

हार्ले आपल्याकडे आली तीही अदलाबदलीत. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं, आपण हार्लेला. आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही. रस्त्यावरचे कर्णकर्कश सायलेन्सर ऐकले की निकाल पटतो. पण त्यातून असंही झालं, की बिनघोर मॉडिफाय हवं असेल तर ते कंपनीकडूनच घ्यायचं.

मी तेच केलं. कॉलेजात असताना एका मिस्त्रीने माझ्या गाडीला हँडल वाकवून दिलं होतं. माझे हात किती लांब आहेत ते आधी सुतळीने मोजलं, मग पाइप तापवला. २०१९नंतर ते काढून माळ्यावर टाकलं आणि शोरूमच्या ॲक्सेसरीजमधून जवळपास तसंच दिसणारं घेतलं. वॉरंटी आहे, पक्कं बिल आहे. लांब गेलो की खांदे दुखतात. त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.