‘टँग सूट कुंग फू फॅशन’ : एका शोधसंज्ञेचे चिकित्सक वाचन

कविता किंवा कथा यांची समीक्षा कशी करतात हे तुम्ही शिकला आहात. या टिपणात आपण एका शोधसंज्ञेची समीक्षा करणार आहोत. ‘टँग सूट कुंग फू फॅशन’ असे शब्द कोणीतरी शोधखिडकीत टाइप केले आहेत, असे समजा. यात क्रियापद नाही, विभक्ती नाही, विरामचिन्हही नाही. तरीही यंत्राला त्यातून अर्थ काढावा लागतो, आणि तो अर्थ पुढे तुमच्या प्रकल्प अहवालात ‘माहिती’ म्हणून येऊन बसतो. म्हणून हे वाचन गंभीरपणे करायला हवे.

१. हरवलेल्या विभक्ती

मराठीत हीच संज्ञा पूर्ण करून पाहा. ‘कुंग फूसाठी टँग सूट’ म्हटले की सरावाचे कपडे विकत घ्यायचे आहेत असे वाटते. ‘कुंग फूपटांतला टँग सूट’ म्हटले की वेशभूषेचा अभ्यास करायचा आहे. ‘कुंग फूसारखी फॅशन’ म्हटले की युद्धकलेशी काही देणेघेणे नाही, फक्त तसे दिसायचे आहे. फरक आहे तो केवळ प्रत्ययांचा.

एंड्रे ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांमागील हेतूंचे तीन प्रकार सांगितले : विशिष्ट संकेतस्थळी पोहोचणे, माहिती मिळवणे आणि काही व्यवहार करणे. आपल्या संज्ञेत दुसरा आणि तिसरा हेतू एकमेकांत मिसळलेले आहेत. शब्दक्रम न पाहता केवळ शब्द मोजणाऱ्या जुन्या पद्धतीला हे वेगळे करता येत नाही. गुगलने २०१९ मध्ये ‘बर्ट’ हे भाषा-प्रारूप शोधात आणले, तेव्हा दिलेले उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे : ब्राझीलहून अमेरिकेला जाणारा प्रवासी आणि अमेरिकेहून ब्राझीलला जाणारा प्रवासी यांतला भेद एका छोट्या शब्दावर अवलंबून असतो. मात्र तो छोटा शब्द लिहिलेलाच नसेल, तर प्रारूप कितीही प्रगत असले तरी त्याला अंदाजच करावा लागतो.

२. ‘टँग’ म्हणजे काय?

कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व तुम्ही शिकला असाल : जो शब्द कमी दस्तऐवजांत आढळतो, त्याचे वजन जास्त. या हिशेबाने ‘टँग’ला ‘फॅशन’पेक्षा बरेच अधिक वजन मिळेल. पण दुर्मिळ शब्द म्हणजे स्पष्ट शब्द नव्हे. चिनी भाषेत स्वर बदलला की अर्थ बदलतो. रोमन लिपीत स्वरचिन्हे गाळून लिहिलेल्या या एका शब्दात राजघराणे, सूप, साखर आणि दालन एवढे अर्थ मावतात. आपल्याकडे तर संत्र्याच्या चवीची पेयाची पूडही त्याच नावाने ओळखली जाते.

‘सूट’ शेजारी आला की राजघराण्याचा अर्थ पुढे येतो, आणि खरी दिशाभूल इथेच होते. तांग घराण्याची सत्ता इ.स. ६१८ ते ९०७ या काळात होती. उभी कॉलर आणि कापडी गाठींची बटणे असलेला, आज ‘टँग सूट’ म्हणून ओळखला जाणारा अंगरखा त्या काळचा नाही. तो ‘मागुआ’ या मांचू लोकांच्या घोडेस्वारीच्या जाकिटावरून आला. मांचूंचे छिंग घराणे १६४४ ते १९१२ या काळात सत्तेवर होते, आणि १६४५ मध्ये त्यांनी हान पुरुषांवर मांचू केशरचनेची सक्ती केली. मग ‘टँग’ हे नाव का? परदेशी स्थायिक झालेले चिनी लोक, विशेषतः दक्षिणेकडचे, स्वतःला ‘तांगचे लोक’ म्हणवत. चायनाटाउनलाही चिनीत ‘तांग लोकांची गल्ली’ म्हणतात. म्हणजे नावातला ‘तांग’ काळ सांगत नाही, ‘चिनी’ एवढेच सांगतो.

ऑक्टोबर २००१ मध्ये शांघायच्या अपेक परिषदेत जगभरच्या नेत्यांनी असे रेशमी जाकीट घातले आणि त्याचा प्रसार झाला. त्या जाकिटाच्या बाह्या पाश्चात्त्य पद्धतीने वेगळ्या कापून खांद्याला जोडलेल्या होत्या. थोडक्यात, नाव तांगचे, मूळ मांचू, शिवण पाश्चात्त्य आणि प्रसिद्धी एकविसाव्या शतकातली. त्यानंतर काही वर्षांतच चीनमध्ये ‘हानफू’ चळवळ वाढली. मांचू मुळाचा पोशाख हानांची परंपरा म्हणून का मिरवावा, असा तिच्या अनुयायांचा प्रश्न आहे. एका जाकिटावरून एवढा वाद असताना शोधसंज्ञा मात्र ते ‘पारंपरिक’ आहे असे गृहीत धरते.

३. कुंग फूचा गणवेश कोणी ठरवला?

‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ वेळ आणि कष्ट खर्चून मिळवलेले कौशल्य. स्वयंपाकातही तो असू शकतो. युद्धकलेसाठी चिनीत ‘वुशू’ हा शब्द आहे. जपानी जुदोत कानो जिगोरो यांनी ठरावीक गणवेश आणि पट्ट्यांची पद्धत रुजवली. चिनी युद्धकलांत असा सर्वमान्य गणवेश नव्हता. लोक बहुधा रोजच्या कपड्यांत सराव करत.

मग आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक पोशाख का येतो? उत्तर चित्रपटांत आहे. ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ (१९९१) आणि ‘इप मॅन’ (२००८) यांतील नायकांचे लांब झगे प्रेक्षकांच्या मनात ठसले. याउलट ब्रूस ली यांच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘गेम ऑफ डेथ’मधला काळ्या पट्ट्यांचा पिवळा पोशाख पाहा. तो कोणत्याही परंपरेचा नाही. ठरावीक शैलीत अडकू नये असे सांगणाऱ्या कलावंताला तो शोभतो. पण ‘किल बिल’ (२००३) मध्ये नायिकेने तसाच पोशाख घातला आणि तोही ‘कुंग फू फॅशन’ होऊन बसला. शैली नाकारणारा पोशाखच शैली म्हणून विकला गेला.

४. ‘फॅशन’चे वजन

आता शेवटचा शब्द पाहा. संख्याशास्त्रीय दृष्टीने ‘फॅशन’ हा चौघांत सर्वांत सामान्य शब्द, पण अर्थाच्या दृष्टीने वाक्याची सूत्रे त्याच्याच हाती आहेत. तो आला की इतिहास मागे पडतो आणि व्यवहाराचा हेतू पुढे येतो. अपूर्ण वाक्य पूर्ण करण्याचे काम मग विक्रेत्याच्या शब्दांकडे जाते. विक्रेता ‘प्राचीन’ आणि ‘पारंपरिक’ हे शब्द मुक्तहस्ते वापरतो, वाचणारा ते उचलतो, आणि पुढच्या वेळी यंत्राला तेच शब्द अधिक ठिकाणी सापडतात. चूक अशी फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिला अधिक पुरावा मिळाल्यासारखा दिसतो.

यात नुकसान कोणाचे? एका समाजाला आपल्या पोशाखाबद्दल पडलेले प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचते ते फक्त जाकीट. जाकीट आवडले तर जरूर घ्या, त्यात काही गैर नाही. पण अहवालात ‘तांगकालीन युद्धपोशाख’ असे लिहिण्यापूर्वी थांबा.

५. स्वाध्याय

तुमच्या प्रदेशातील एखादी युद्धकला निवडा : कलरीपयट्टू, गतका, थांग-ता, सिलंबम. तिच्या नावापुढे ‘ड्रेस’ हा शब्द लिहून शोध घ्या. मग तीन गोष्टी नोंदवा : तुमच्या मनात कोणती विभक्ती होती, यंत्राने कोणती धरली, आणि दिसलेला पोशाख सराव करणाऱ्यांचा आहे, मंचावरचा आहे की दुकानातला. तिन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर तुमची शोधसंज्ञा एका पूर्ण वाक्यात पुन्हा लिहा आणि निकालांत काय बदलले ते तपासा.