लागला, नाही लागला

मराठी माणूस नाटकाचे परीक्षण लिहितो, पुस्तकाचे लिहितो, लग्नातल्या जेवणाचे तर पंगतीत बसल्या बसल्या तोंडी करतो. कबड्डीचे मात्र कोणी करत नाही. वर्तमानपत्रात येते ती नुसती बातमी. अमक्याने तमक्याला इतक्या गुणांनी नमवले, याच्या चढाया चमकदार, त्याच्या पकडी भक्कम. हे म्हणजे 'हॅम्लेट'च्या परीक्षणात शेवटी किती माणसे मेली तेवढेच सांगण्यासारखे झाले. ही उणीव आपणच भरून काढावी असे मी चिरनेरला ठरवले. समीक्षक व्हायला खेळता यावे लागत नाही, ही साहित्यातली सोय इथेही लागू व्हायला हरकत नसावी.

चिरनेर उरण तालुक्यातले. गाव महागणपतीचे, मातीच्या मडक्यांचे आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे. बाकी रायगडातल्या कुठल्याही गावासारखेच, म्हणजे कबड्डीचे. आमच्याकडे वाडी तिथे संघ. भात झोडून झाले, थंडी पडली, शेतात मडके उपडे घालून वालाच्या शेंगांची पोपटी लागली, की रात्रीचे सामने सुरू. मैदान शेणाने सारवल्यासारखे गुळगुळीत, वर दिव्यांचा झगझगाट, आणि चारी बाजूंना फलक. फलकांवर खेळाडू सोडून सगळे असतात. मधोमध हात जोडलेले एक नेते, सभोवती टपाल तिकिटांएवढे त्यांचे कार्यकर्ते. प्रत्येक चषक कुणा ना कुणा नेत्याच्या नावाचा. नेता पक्ष बदलतो तेव्हा चषक तोच राहतो, फक्त फलकाचा रंग बदलतो. रंगाऱ्यांच्या पोटापाण्याची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या खेळाने घेतलेली नाही.

आता परीक्षण. संहिता उत्तम आहे. एक माणूस एकटा, हातात काही नाही, पायात बऱ्याचदा काही नाही, सात जणांच्या अंगणात शिरतो. आपला दम टिकला आहे हे त्याने सतत मोठ्याने जाहीर करायचे. कुणाला तरी शिवायचे आणि त्याच दमात घरी परतायचे. सगळी खुमारी त्या परतण्यात आहे. दम न घेता बोलणे आपल्या पुढाऱ्यांनाही येते, पण पलीकडे गेल्यावर त्यांना परत यावे लागत नाही. तिकडेच त्यांना हार घालतात. १९६७ साली हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीन वेळा मध्य रेषा ओलांडली आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. मग १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा झाला. एकट्याने रेषा ओलांडली तर बाद, पण एकतृतीयांश मिळून ओलांडली तर ती फूट, आणि फूट चालते! २००३ मध्ये ही सवलत काढली. आता दोनतृतीयांश लागतात, आणि त्याला विलीनीकरण म्हणायचे. कबड्डीत अजून तरी सातांपैकी पाच जण समोरच्या संघात विलीन होऊन आपणच मूळ संघ असल्याचा दावा करत नाहीत. खेळ मागासलेला आहे, दुसरे काय.

या खेळात मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या सरपंचाशी याचे नाते नाही. गावच्या सरपंचाचा निर्णय कोणी मानत नाही, पण त्याच्याविरुद्ध ओरडतही नाही. मैदानावरच्या सरपंचाचा निर्णय सगळे मानतात आणि सगळे ओरडतात. ओरडण्याचा विषय एकच. "लागला!" "नाय लागला!" अंगठ्याच्या नखाचा समोरच्याच्या पोटरीला झालेला स्पर्श शंभर फुटांवरून, गर्दीतून, दोन माणसांच्या खांद्यांमधून ज्यांना दिसतो, त्यांनाच घरी गेल्यावर चष्म्याशिवाय लाइटचे बिल दिसत नाही.

माझा मुद्दा इथे आहे. मी पोरगा होतो तेव्हा या खेळाला हुतूतू म्हणत, आणि लागले असेल तर ज्याला लागले तो स्वतः हात वर करून बाहेर जाई. सगळेच जात असे मी म्हणणार नाही, आमच्या वाडीतही साधुसंत नव्हते. पण न जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका विचारत, "काय रं, लागला व्हता ना?" आता तो हिशेब पंचाकडे दिला आहे. पंचाने पाहिले नाही म्हणजे लागले नाही. नियम म्हणून यात खोट नाही. पण शरीराला जे कळते ते तोंडाने नाकारायचे, ही कला पोरे सोळाव्या वर्षी शिकतात आणि पुढे निवडणुकीला उभी राहतात.

आणि हे फक्त चिखलातल्या मैदानांवर चालते असे नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात २८-२८ असे बरोबरीत होते. शेवटची मिनिट-दीड मिनिट उरलेली. आपला चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला धरायला इराणचे गडी पाठोपाठ गेले. एका नियमाने तेही बाद, दुसऱ्या नियमाने फक्त पवन बाद. जवळजवळ तासभर सामना बंद. दोन्ही संघ मॅटवर बसून. शेवटी आपण ३३-२९ ने जिंकलो. चिरनेरच्या टपरीवर नियमांचा एवढा सखोल अभ्यास मी कधी ऐकला नव्हता, आणि अभ्यासकांपैकी एकालाही तो इराणच्या बाजूने लागू होताना दिसला नाही. मलाही नाही.

माझा एक भाचा वेल्समध्ये कार्डिफला असतो. त्याला हे सांगितले तर म्हणाला, "मामा, आमच्याकडे हा वाद १९०५ पासून चालू आहे." (पाच वर्षांत तो 'आमच्याकडे' झाला!) वेल्सही आपल्यासारखाच. लहान मुलूख, कोळशाच्या खाणी, खोऱ्याखोऱ्यांतली गावे, आणि शेजारच्या मोठ्या भावाला, इंग्लंडला, वर्षातून एकदा तरी मैदानावर लोळवायची हौस. खेळ रग्बी. १६ डिसेंबर १९०५ ला त्यांनी न्यूझीलंडला ३-० ने हरवले. त्या दौऱ्यातला न्यूझीलंडचा हा एकमेव पराभव. पण न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचे म्हणणे होते की आपण चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता आणि पंच पोचण्याआधी आपल्याला मागे ओढले. तो १९०८ साली, ऐन चोविशीत वारला, तोवर त्याचे म्हणणे बदलले नाही. वेल्सचेही नाही. एका देशाचा सर्वांत मोठा विजय एका मेलेल्या पोराच्या "लागला होता"वर तरंगतो आहे, आणि तिथले सज्जन लोक रविवारी चर्चमध्ये गळा काढून गातात.

आता चिरनेरकरांना कुणी रेषेचा अर्थ शिकवू नये. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतली माणसे कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली. सरकारने जंगलावर जी रेषा ओढली होती ती ओलांडायला, आणि तीही सांगून-सवरून, दिवसाढवळ्या. गोळीबार झाला. आठ हुतात्मे पडले. नाग्या महादू कातकरी त्यांतला एक. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी हेही त्याच दिवशी गेले. गोळीबाराला त्यांनी नकार दिला होता असे गावात सांगतात. सरकारी बाजूचा माणूस, पण हात वर केलेला. दरवर्षी त्या तारखेला इथे कार्यक्रम होतो, पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात, आणि मग भाषणे. ज्या आवाजाने माणसे पडली त्याच आवाजाने सलामी. यातला विसंवाद वक्त्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेणमधली १२४ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. त्या शहराचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर. गाव आता एका शहराच्या नावाचा तिसरा हिस्सा झाले आहे. लोकांनी हरकती घेतल्या. नेते गावात येतात तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूचे असतात, मुंबईला पोचेपर्यंत विकासाच्या. वाटेत कुठे कुणाचा हात लागतो ते एकाही पंचाला दिसलेले नाही.

त्या रात्रीचा अंतिम सामना सांगायचा राहिला. शेवटची चढाई, बरोबरी. आमचा गडी रिकामा परतला असे सरपंचासकट सर्वांना वाटले, आणि पाहुण्या संघातला कोपरारक्षक, मिसरूडही न फुटलेला पोरगा, हात वर करून बाहेर चालू लागला. त्याच्या पाठीला नख लागले होते म्हणे. आम्ही एका गुणाने जिंकलो. आमच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला, अर्थात गुण आमचा होता म्हणून. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला जे सुनावले ते इथे छापता येणार नाही.

बक्षीस समारंभाला तीन वर्षांत तीन रंगांचे फलक लावलेले नेते आले. त्यांनी खिलाडूवृत्तीवर पंचवीस मिनिटे भाषण केले आणि पाहुण्यांना 'शिस्तबद्ध संघ' म्हणून वेगळा चषक दिला. चषक लहानसा होता. प्रशिक्षकाने तो न बघताच टेम्पोत टाकला. मग पोराने तो खालून उचलला, सदऱ्याने पुसला आणि शेजारच्याला विचारले, "पोपटी उरलीय का रं?"